जयपूरचा राजखजिना : तोशाखान्यातून संग्रहालयाकडे

जयपूरच्या सिटी पॅलेसमधील ‘सर्वतोभद्र’ या खुल्या दरबारमंडपात चांदीचे दोन प्रचंड कलश मांडून ठेवलेले आहेत. त्यांची उंची सुमारे १.६ मीटर असून प्रत्येकाचे वजन ३४५ किलो असल्याचे सांगितले जाते. चांदीच्या जगातील सर्वांत मोठ्या वस्तू म्हणून गिनीजच्या विक्रमनोंदीत त्यांचा समावेश झालेला आहे. १९०२ मध्ये महाराजा सवाई माधोसिंग (द्वितीय) हे सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले. समुद्रोल्लंघनाचा दोष लागू नये म्हणून ‘ऑलिंपिया’ हे संपूर्ण जहाज भाड्याने घेण्यात आले आणि प्रवासभर पुरेल एवढे गंगाजल या कलशांतून सोबत नेण्यात आले. एडवर्डवर ऐनवेळी शस्त्रक्रिया करावी लागल्याने २६ जूनचा समारंभ ९ ऑगस्टला झाला. तेव्हा बेत मोठ्या कलशांचा केला होता हे बरेच झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रत्येक कलश १४,००० रुपयांची नाणी वितळवून घडविला, असे पर्यटकांना सांगण्यात येते. विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबून गुणाकार करावा. त्या काळचा चांदीचा रुपया वजनाने जवळपास एक तोळ्याचा, म्हणजे फार तर ११.६६ ग्रॅमचा होता. १४,००० रुपयांचे वजन १६३ किलोच्या पुढे जात नाही. ३४५ किलोसाठी जवळजवळ ३०,००० नाणी लागतील. याचा अर्थ नाण्यांचा आकडा तरी चुकीचा आहे किंवा वजनाचा तरी. संग्रहालयातील वस्तूंविषयीचे आकडे वैभवाच्या ओघात सांगितले जातात आणि ऐकलेही जातात. हिशेबाच्या वहीत मात्र त्यांना एकमेकांशी जुळावे लागते. राजखजिन्याचा अभ्यास करताना ही वहीच अधिक महत्त्वाची ठरते. ही चांदी कोणाच्या खजिन्यातून आली, ती राज्याची होती की राजाची आणि आज ती कोणाची आहे, हे प्रश्न अखेरीस नोंदीवर आणि यादीवरच येऊन थांबतात.

छत्तीस कारखाने

जयपूर राज्याचा राजगृहविभाग ‘छत्तीस कारखान्यां’त विभागलेला होता. तोशाखाना, शिलेखाना, पोथीखाना, सुरतखाना, फीलखाना, रथखाना, गुणीजनखाना अशी त्यांची नावे आढळतात. मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये. शिवकालीन राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने व बारा महाल होते आणि त्यांतील जामदारखाना, शिलेखाना, फरासखाना ही नावे मराठी कागदपत्रांत वारंवार येतात. पुण्याच्या फरासखाना पोलीस ठाण्याच्या नावात त्या व्यवस्थेची आठवण आजही टिकून आहे, जरी तेथे सतरंज्या आणि तंबू मिळत नसले तरी.

कारखाना याचा अर्थ येथे केवळ उत्पादनाची जागा असा नाही. तो वस्तूंचे उत्पादन, खरेदी, साठवण आणि वाटप यांचा एकत्रित विभाग होता. पोथीखान्यात हस्तलिखिते, सुरतखान्यात चित्रे, तोशाखान्यात वस्त्रे व मौल्यवान चिजा अशी विभागणी असे. दरबारात नजर स्वीकारली जाई, त्या बदल्यात सिरोपाव म्हणजे मानवस्त्रे दिली जात. कोणत्या प्रसंगी, कोणत्या दर्जाच्या माणसाला काय द्यावयाचे, याच्या नोंदी ‘दस्तूर कौमवार’ या वह्यांत केलेल्या असून जयपूर राज्याचे हे दप्तर आज बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा भेटवस्तूंचा व्यवहार म्हणजे निव्वळ उधळपट्टी नव्हे. पगार, मानमरातब आणि राजनिष्ठा यांची देवघेव त्यातून होत असे. ईस्ट इंडिया कंपनीनेही हीच पद्धत उचलली. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मिळालेल्या भेटी सरकारी तोशाखान्यात जमा होत आणि पुढच्या दरबारात त्याच वस्तू दुसऱ्या संस्थानिकाला दिल्या जात. स्वतंत्र भारतातही परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत तोशाखाना आहे. परदेशांतून मंत्र्यांना व अधिकाऱ्यांना मिळालेल्या भेटी तेथे जमा होतात. शब्द तोच राहिला, मालक बदलला.

आजचे सिटी पॅलेस संग्रहालय पाहताना हे कारखाने डोळ्यांसमोर ठेवले तर दालनांची मांडणी चटकन उलगडते. मुबारक महालातील वस्त्रदालन म्हणजे तोशाखान्याचा वारसा आणि शस्त्रदालन म्हणजे शिलेखाना होय. पोथीखान्याचा संग्रहही याच राजवाड्यात आहे. महाराजा सवाई मानसिंग (द्वितीय) यांनी १९५९ मध्ये हे संग्रहालय सुरू केले, तेव्हा वस्तू बाहेरून गोळा कराव्या लागल्या नाहीत. त्या कारखान्यांतच होत्या. बदलले ते त्यांचे प्रयोजन.

हे प्रयोजन त्याआधीही एकदा बदलले होते. अठराव्या शतकात जयपूरचा खजिना हा प्रामुख्याने युद्धाचा राखीव निधी होता. मराठ्यांची चौथाई आणि खंडणी हा त्या काळी जयपूरच्या अर्थव्यवस्थेवरचा सर्वांत मोठा ताण होय. खंडणीच्या तगाद्याच्या काळातच, डिसेंबर १७५० मध्ये, महाराजा ईश्वरीसिंग यांनी आत्महत्या केली आणि पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. महादजी शिंदे यांच्याशी १७८७ मध्ये तुंगा येथे झालेल्या लढाईमागेही थकलेल्या खंडणीचे कारण होते. १८१८ मध्ये जयपूरने कंपनीशी तह केला. संरक्षणाची जबाबदारी कंपनीकडे गेली, बाहेरचे युद्ध संपले आणि राखीव निधीची गरज उरली नाही. राज्याचे उत्पन्न राजवाडे, दरबार, मिरवणुका आणि समारंभाच्या सामग्रीकडे अधिक वळले, ते या पार्श्वभूमीवर. एकोणिसाव्या शतकातील संस्थानी थाट हा सामर्थ्याचे चिन्ह समजला जातो. वस्तुतः तो बराचसा सामर्थ्य गमावल्याचा परिणाम होता.

मालमत्ता राज्याची की राजाची?

३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेल यांच्या हस्ते बृहद् राजस्थानचे उद्घाटन जयपूरच्या सिटी पॅलेसमध्येच झाले. सवाई मानसिंग राजप्रमुख झाले. त्यांना वार्षिक १८ लाख रुपये तनखा ठरला, बडोद्याला २६.५ लाख आणि हैदराबादला ५० लाख होते. त्यापेक्षाही दूरगामी तरतूद विलीनीकरणाच्या करारात होती. राज्याच्या मालमत्तेपासून वेगळी अशी जी खाजगी मालमत्ता असेल तिच्यावर राजाची पूर्ण मालकी राहील आणि त्याने तिची यादी सादर करावी, अशी ती तरतूद होती. शतकानुशतके राजा आणि राज्य यांचा खजिना एकच होता. तो आता काही महिन्यांत, कागदावर, दोन रकान्यांत वाटावयाचा होता.

या वाटणीचा परिणाम जयपुरात फिरताना प्रत्यक्ष दिसतो. आमेरचा किल्ला राज्य सरकारकडे, तर त्याच्याच वरच्या डोंगरावरील जयगड राजघराण्याच्या न्यासाकडे आहे. १८८७ मध्ये खुले झालेले अल्बर्ट हॉल संग्रहालय सरकारी, तर सिटी पॅलेसचे संग्रहालय न्यासाचे. दोन्ही ठिकाणी तिकीट काढूनच प्रवेश मिळत असल्याने पर्यटकाला हा फरक जाणवत नाही. करकायद्याला आणि न्यायालयाला मात्र तो जाणवतो.

तनख्यांचा पुढचा इतिहास परीक्षार्थींना परिचित असतो, पण त्याचा क्रम अनेकदा चुकतो. तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये लोकसभेत मंजूर झाले व राज्यसभेत एका मताच्याही अंशाने दोनतृतीयांश बहुमतास मुकले. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. माधवराव शिंदे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९७० रोजी तो आदेश अवैध ठरविला. त्यानंतर १९७१ च्या अखेरीस २६व्या घटनादुरुस्तीने २९१ व ३६२ ही कलमे वगळली गेली आणि ३६३-अ हे नवे कलम आले. तनखे गेले, खाजगी मालमत्तेच्या याद्या मात्र राहिल्या.

उत्पन्न आटले आणि सांभाळण्याचा खर्च व कर तसेच राहिले, की खजिन्याचा मालक काय करील? १९५७ च्या संपत्ती कर कायद्यात याचे एक सूचक उत्तर होते. केंद्र सरकारने वंशपरंपरागत म्हणून मान्य केलेल्या राजघराण्याच्या जडजवाहिरास करातून सूट होती, पण ते कायम भारतात ठेवावे, त्याचे मूळ स्वरूप शक्यतो बदलू नये आणि अधिकृत अधिकाऱ्यास ते तपासू द्यावे, या अटींवर. सार्वजनिक धर्मादाय न्यासाच्या मालमत्तेलाही करसवलत होती. वस्तू विकण्याऐवजी सांभाळणे आणि लपविण्याऐवजी नोंदविणे फायद्याचे ठरावे, असा या तरतुदींचा रोख होता. संपत्ती कर पुढे २०१५ च्या वित्त कायद्याने रद्द झाला. या सवलतींमुळे सरकारचा महसूल बुडाला अशी टीका होते. ती निराधार नाही. तथापि, सवलतीच्या बदल्यात देशाने काय राखले याचाही हिशेब मांडावयास हवा.

नोंद नसेल तेव्हा काय होते, याचे उदाहरण जयगडानेच पुरविले. या गडावर अपार धन पुरलेले आहे अशी दंतकथा होती. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सरकारी यंत्रणेने तेथे कित्येक महिने शोध घेतला. दंतकथेतील खजिना सापडल्याचे सरकारने कधी सांगितले नाही; सापडला आणि गुपचूप नेला, ही दुसरी दंतकथा मात्र जन्माला आली. यादी नसलेल्या खजिन्याचे असणे सिद्ध करता येत नाही आणि नसणेही.

बडोदे आणि हैदराबाद

जयपूरशी तुलना करण्यासाठी आणखी दोन राजघराण्यांचे खजिने पाहणे उपयुक्त ठरेल. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी एकोणिसाव्या शतकात मोत्यांचा एक गालिचा करविला होता. मदिनेतील पैगंबरांच्या कबरीला तो अर्पण करण्याचा त्यांचा मानस होता असे सांगतात. हा गालिचा बडोद्यातच राहिला, पण १९४० च्या दशकात बडोद्याच्या जवाहिरखान्यातील अनेक वस्तूंप्रमाणे तोही युरोपात गेला. २००९ मध्ये दोहा येथील लिलावात त्याला सुमारे ५५ लाख डॉलर किंमत आली. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंची निर्यात रोखणारा पुरावशेष व कलानिधी कायदा १९७२ चा, आणि त्याची अंमलबजावणी १९७६ ची. बडोद्याच्या मोत्यांना तो उपयोगी पडला नाही.

हैदराबादच्या निजामाने आपली रत्ने न्यासांच्या स्वाधीन केली होती. विक्रीचा प्रश्न आला तेव्हा दीर्घ कायदेशीर लढ्यानंतर भारत सरकारने १९९५ मध्ये १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. सार्वजनिक पैसा खर्चून वारसा देशात राखण्याचे हे ठळक उदाहरण होय. परंतु ही रत्ने बहुतांश काळ रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात आणि मोजक्या प्रदर्शनांतूनच लोकांना दिसतात. मालकी जनतेची झाली, दर्शन दुर्मीळ राहिले. याउलट जयपूरचे कलश न्यासाचे असूनही कोणासही तिकीट काढून पाहता येतात. तेव्हा सरकारी मालकी म्हणजेच सार्वजनिक उपयोग, हे समीकरण येथे तपासून घ्यावे लागते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही या वस्तूंचे स्थान समजून घेण्यासारखे आहे. १९९९-२००० पायाभूत वर्षाच्या मालिकेपासून भारताच्या राष्ट्रीय लेख्यांत ‘मौल्यवान वस्तू’ हा भांडवलनिर्मितीचा स्वतंत्र घटक दाखविला जाऊ लागला. त्यात त्या वर्षी संपादन केलेल्या वस्तू येतात. शंभर वर्षांपूर्वीचे कलश या वर्षीच्या सकल देशांतर्गत उत्पादनात कोठेही नाहीत. मात्र त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या रक्षकाचा पगार, मार्गदर्शकाचे शुल्क आणि चांदी काळवंडू नये म्हणून संवर्धकाने केलेले काम त्यात मोजले जाते. जोहरी बाजारातील कुंदन-मीनाकारीचे कारागीर किंवा सांगानेरचे छापकाम करणारे जुन्या नमुन्यांवरून जे शिकतात, ते मात्र कोणत्याच वहीत चढत नाही. २०१९ मध्ये जयपूरच्या तटबंदीतील शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातही शहररचनेबरोबर या कारागिरीच्या परंपरेचे मोल आहेच.

१९४९ च्या वाटणीची शाई अद्याप पूर्ण वाळलेली नाही. सिटी पॅलेसच्या परिसरातील सवाई मानसिंग टाउन हॉलमध्ये अनेक वर्षे राजस्थान विधानसभा भरत असे. विधानसभा नव्या इमारतीत गेल्यावर ही वास्तू परत मिळावी, असा दावा राजघराण्याने केला. सरकारी वापरासाठी दिलेली वास्तू तो वापर संपल्यावर आपली, असे त्यांचे म्हणणे. सरकारच्या मते ती राज्याची मालमत्ता असून तेथे संग्रहालय उभारण्याची योजना होती. २०२५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने घटनेच्या कलम ३६३ च्या आधारे निर्णय दिला. संस्थानांबरोबरच्या करारांतून उद्भवणारे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारे हे कलम होय. राजघराण्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ज्या दालनात लोकप्रतिनिधी राज्याचा अर्थसंकल्प मंजूर करीत, ते १९४९ च्या यादीत कोणत्या रकान्यात आणि कोणत्या अटीवर लिहिले गेले होते, यावरच हा वाद उभा आहे.