फाळक्यामागचा कठडा

ऊसतोडीची टोळी गावात शिरली की पोरं ट्रॅक्टर बघायला धावतात. मी ट्रॉलीच्या मागं जाऊन उभा राहतो. टोळीची व्यवस्था किती शहाणी आहे, ते तिथं कळतं.

दिवाळी सरली की कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या शिवारात या टोळ्या उतरू लागतात. बहुतेक बीडकडच्या, कुणी धारूरचे, कुणी वडवणीचे, कुणी शिरूर कासारचे. बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज असा ३०० किलोमीटरहून जास्त रस्ता ट्रॅक्टरच्या चालीनं कापायचा म्हणजे दिवस जातो आणि रात्रही जाते. ट्रॉलीच्या पोटात माणसं, पोरं, शेळ्या, बाजरीची पोती, कोपीचे बांबू, ताडपत्री. पाच-सहा महिन्यांचा संसार एकावर एक रचलेला. त्यातली एखादी वस्तू मध्येच काढायची म्हटली तर निम्मी ट्रॉली उपसावी लागते.

म्हणून मागचा कठडा. फाळक्याच्या खाली, चेसीला वेल्डिंग करून बसवलेला, लोखंडी अँगल आणि पट्ट्यांचा, हातभर रुंद. सगळ्याच ट्रॉल्यांना तो नसतो. नसेल तिथं फाळक्याच्या कड्यांना नाडा अडकवून त्यावर सामान लोंबकळत येतं. मी जो नीट न्याहाळला, त्यावर होतं ते असं: २०० लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम, पत्र्याची चूल, सरपणाची लहान मोळी, पाण्याची कळशी, जर्मनचं पातेलं, कोयत्यांचं गाठोडं आणि उलटी करून बांधलेली बाज. एवढंच. उरलेली जागा मोकळी होती, आणि ती मुद्दाम मोकळी ठेवलेली होती.

हे कोण ठरवतं? पुरुष नाही. टोळीतल्या एक वयस्क मावशी उतरल्या उतरल्या त्या कठड्यापाशीच आल्या, आणि ट्रॉलीतलं पोतं हलण्याआधी चूल मांडून चहाचं आधण ठेवलं. विचारलं तर म्हणाल्या, “आधी पाणी लागतंय, मग इस्तू. बाकीचं रात्री उतरलं तरी चालतंय.” जे सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी बांधायचं, आणि दुसऱ्या कशाची गाठ न सोडता निघेल असं बांधायचं. वाटेतल्या मुक्कामालाही हाच कठडा स्वयंपाकघर होतो. ताडपत्री सुटत नाही, पोरं झोपेतून उठत नाहीत.

ड्रम मात्र रिकामा होता. म्हणजे पाण्याचा रिकामा. आत वाकळा आणि उशा कोंबल्या होत्या. वाटेत पाणी लागणारच, मग भरून का आणला नाही? उत्तर ट्रॅक्टरवाल्यानं दिलं, तो आपल्या इकडचाच. “मागं लई भरू नगासा म्हटलं त्यास्नी. मागं जड झालं की हुक हलकं पडतंय, आणि घाटात टायर नुसता फिरतोय.”

हिशेब सोपा आहे. दोनचाकी ट्रॉलीचा हुक आसापासून समजा ३ मीटर पुढं आहे आणि कठडा दीड मीटर मागं. तर कठड्यावर ठेवलेला प्रत्येक किलो हुकावरचा अर्धा किलो भार उचलून घेतो. भरलेला ड्रम २०० किलोच्या वर. म्हणजे हुकावरचे १०० किलो गेले. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना रस्ता धरून ठेवायला जे वजन हवं, तेच कमी झालं. शिवाय खड्ड्यात ट्रॉली आदळली की मागचं ओझं क्षणभर आणखी जड होतं, आणि पहिला तडा वेल्डिंगला जातो. बैलगाडी हाकणाऱ्याला हे नव्यानं सांगावं लागत नाही. गाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याखालची जुपणी काचते. अमेरिकेत मोटारीमागं राहती घरगाडी ओढून हिंडणारे हौशी लोकही एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर राहील असंच सामान लावतात. भार कमी पडला तर वेगात गाडी शेपटीकडून झुलायला लागते. आपल्या राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. चाकांवर संसार हाकणारी माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून या रस्त्यांवर आहेत, हौसेनं नव्हे.

चारचाकी ट्रॉलीला मागचा भार एवढा जाचत नाही, तो तिच्या मागच्या आसावरच बसतो. पण तिथं माणसं सैल सुटतात आणि कठड्यावर पोतीसुद्धा चढवतात.

या कठड्याची माझ्या मते खरी खोट वेगळीच आहे. त्यावरची बाज आणि ड्रम मागचा दिवा झाकतात. हंगामाच्या तोंडाला पोलीस, आरटीओ आणि कारखाने ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना तांबडे रिफ्लेक्टर चिकटवतात, आणि आपण त्यावर गोधडी वाळत घालतो. रात्री अशा ट्रॉलीला मागून येणाऱ्या मोटरसायकली धडकतात. मी पाहिलेल्या ट्रॉलीवाल्यानं रिफ्लेक्टर फाळक्यावरून काढून कठड्याच्याच बाहेरच्या पट्टीवर बसवले होते आणि दिव्याची वायर तिथवर वाढवून घेतली होती. वेल्डरकडं अर्ध्या तासाचं काम. कठडा करून घेतानाच ते सांगितलं तर वेगळी खेपही पडत नाही.

तोडणी सुरू झाली की ड्रम कोपीपाशी जातो आणि कठड्याला दुसरी कामं लागतात. मोळी डोक्यावर घेऊन ज्या फळीवरून बायामाणसं ट्रॉलीत चढतात, ती फळी ट्रॉली भरल्यावर इथं आडवी बसते. नाडे गुंडाळून इथंच. कसबा बावड्याच्या कारखान्यावर ऊस रिकामा करून परतताना त्यावर कधी डिझेलचा कॅन, कधी किराणा. संध्याकाळी गावात विकायला काढलेल्या वाढ्याच्या पेंड्यासुद्धा त्यावरच. हिरवा चारा दिसला की म्हैसवाले आपणहून ट्रॉली थांबवतात.

मार्चच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला की पुन्हा बांधाबांध. आता धान्य संपलेलं असतं, पण कापडबाजाराचं गांधीनगर शेजारीच, त्यामुळं कापडांची गाठोडी वाढलेली. एका टोळीनं लोखंडी कपाट घेतलं होतं आणि ते कठड्यावर उभं बांधायचा बेत चालला होता. ट्रॅक्टरवाला चावी खिशात घालून खाली बसला. तासभर वाद झाला. शेवटी कपाट पुढच्या फाळक्याला टेकवून आडवं घातलं, त्यावर पोरांना बसवलं, आणि मागं फक्त चूल, कळशी आणि कपड्यांनी भरलेला ड्रम.