फिल्टरचा आकडा वाचताना उशीर मोजा

बीटाफ्लाइट या ड्रोनच्या फर्मवेअरमध्ये फिल्टरचा स्लायडर उजवीकडे सरकवला की फिल्टर वाढत नाही, कमी होतो. कारण कटऑफ, म्हणजे जिथून वरचा कंप गाळला जातो ती वारंवारिता, वर जाते. नवख्यांची इथेच गल्लत होते. जायरोच्या सिग्नलमधला मोटरचा कंप गाळायला कटऑफ खाली आणावा हे बरोबर, पण गाळणीची किंमत वेळेत मोजावी लागते. 100 हर्ट्झच्या साध्या पीटी1 फिल्टरने सुमारे 1.6 मिलिसेकंद उशीर होतो, 50 हर्ट्झला त्याच्या दुप्पट. फिल्टर एकामागे एक लावले की उशिरांची बेरीज होते, आणि जुन्या माहितीवर सुधारणा करणारा ड्रोन स्वतःच्याच झोतात डगमगतो. म्हणून ‘जास्त फिल्टर म्हणजे जास्त सुरक्षित’ हे गणित मला पटत नाही.

यावर आक्षेप असा, की फिल्टर सैल केले तर मोटरी तापतात. खरं आहे, पीआयडी नियंत्रकातला डी-टर्म वरच्या वारंवारितेचा कंप वाढवून थेट मोटरींकडे पाठवतो. पण त्यावर उपाय सरसकट गाळणं नसून नेमकं गाळणं हा आहे. 24,000 आरपीएमवर फिरणाऱ्या मोटरचा मूळ कंप 400 हर्ट्झला असतो. मोटरचा वेग परत कळवणाऱ्या द्विदिश डीशॉट प्रोटोकॉलमुळे हा वेग कळतो आणि आरपीएम फिल्टर तेवढीच अरुंद पट्टी कापतो. मात्र चुंबकांची संख्या तपासा: 12 चुंबकांच्या मोटरला सेटिंग 14 राहिलं, तर कात्री 343 हर्ट्झवर चालते आणि कंप तसाच राहतो. हे जुळल्यावरच लोपास फिल्टर थोडा थोडा सैल करावा, ब्लॅकबॉक्स या उड्डाण-नोंदीचा आलेख पाहावा आणि प्रत्येक छोट्या उड्डाणानंतर मोटरींना हात लावून पाहावा.