आजारी गोल्डफिश : आधी निदान, मग औषध

पानावर डाग दिसताच कोणती कीड वा कोणता रोग हे न पाहता फवारणी करू नये, हे शेतकऱ्यांना आपण सातत्याने सांगतो. घरातील मत्स्यटाकीच्या बाबतीत मात्र हेच तत्त्व सहज विसरले जाते. मासा सुस्त दिसला की दुकानातून निळे किंवा पिवळे औषध आणून टाकीत ओतले जाते. गोल्डफिश (कॅरेशियस ऑराटस) हा कार्प कुळातील काटक मासा असून योग्य निगा राखल्यास तो १० वर्षांहून अधिक काळ जगू शकतो. तो अकाली दगावतो तेव्हा बहुधा रोगजंतूंपेक्षा बिघडलेले पाणी आणि अंदाजाने केलेला उपचारच अधिक कारणीभूत असतो. म्हणून निदानाचा क्रम पाणी, मासा आणि खोली असा ठेवावा.

पहिली तपासणी : पाणी

टाकीतील सर्व मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले असतील, तर दोष पाण्यात असण्याची शक्यता मोठी असते. मासे एकेक करून आजारी पडत असतील, तर संसर्गाचा विचार करावा.

गोल्डफिश भरपूर खातो आणि शरीरातील अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणे, पर मिटून तळाशी बसणे, कल्ले लालसर होणे अशी लक्षणे दिसतात. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेल्यास अमोनियाच्या विषारी रूपाचा वाटा सुमारे दहापट होतो. त्यामुळे अमोनियासोबत सामूही तपासणे आवश्यक ठरते.

घरगुती तपासणी संचात अमोनिया व नायट्राइट शून्य यावयास हवे. तसे नसल्यास त्याच दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीतील पाण्याच्याच तापमानाचे असावे. एक-दोन दिवस खाद्य थांबवावे व हवापंप सतत चालू ठेवावा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. क्लोरीनमुळे त्यातील उपयुक्त जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळून घ्यावा.

दुसरी तपासणी : मासा

पाणी ठीक असल्यास चांगल्या प्रकाशात माशाचे निरीक्षण करावे.

*पांढरे ठिपके* : अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणि दगडांना अंग घासणे हे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे लक्षण आहे. मात्र ठिपके केवळ कल्ल्यांच्या झाकणांवर व पुढच्या परांच्या कडांवर ओळीने असतील, तर ती प्रजननक्षम नराची स्वाभाविक खूण असू शकते. तिला उपचार नको. रोगाचा एकपेशीय परजीवी त्वचेखाली असताना औषधापासून सुरक्षित असतो. पाण्यात मुक्तपणे पोहणाऱ्या अवस्थेतच तो मरतो. म्हणून ठिपके नाहीसे झाल्यावरही उपचार चालू ठेवावा लागतो. प्रति लिटर ३ ग्रॅम या प्रमाणापर्यंत खडे मीठ दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने विरघळवून द्यावे व सुमारे दोन आठवडे तेच प्रमाण राखावे. मीठ बाष्पाबरोबर उडून जात नाही. जेवढे पाणी बदलले, तेवढ्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. पाणवनस्पती आधी काढून ठेवाव्यात.

*डोळ्यांना दिसणारे परजीवी* : अंगावर चपटी, पारदर्शक, हलणारी चकती दिसल्यास ती 'माशांची ऊ' (आर्गुलस) होय. दोऱ्यासारखा तंतू त्वचेतून बाहेर आलेला असल्यास तो 'अँकर वर्म' (लर्निया) समजावा. पहिली कीटक नाही आणि दुसरा कृमी नाही. दोन्ही कवचधारी वर्गातील, म्हणजे खेकडे-कोळंबीचे नातलग आहेत. आर्गुलसची मादी मासा सोडून काचेवर व दगडांवर अंडी घालते. त्यामुळे माशावरील उवा चिमट्याने काढल्या तरी टाकीची स्वच्छता अपरिहार्य असते. कात टाकण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणणारी डायफ्लुबेन्झुरॉनसारखी रसायने वाढत्या अवस्थांवर परिणाम करतात, मात्र त्वचेत रुतलेल्या पूर्ण वाढलेल्या लर्निया मादीवर नाही. शेतीसाठीची कीटकनाशके अंदाजाने टाकीत घालणे सर्वथा टाळावे.

*इतर लक्षणे* : गोल शरीराच्या जातींत मासा उलटा तरंगू लागल्यास दोन-तीन दिवस उपवास घडवावा व नंतर उकडून साल काढलेला मटार थोडासा द्यावा. पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर अंतर्गत अवयव निकामी होत आहेत असे समजावे. अशा वेळी विलंब न करता तज्ज्ञांना दाखवावे. बरे होण्याची शक्यता मात्र कमी असते.

तिसरी तपासणी : खोली

ही तपासणी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. डास पळविणारी द्रवयंत्रे व झुरळांवरील अनेक फवारे यांत पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात. मनुष्याचे शरीर त्यांचे विघटन त्वरेने करते. माशांत ही क्षमता फारच कमी असल्याने अत्यल्प मात्राही त्यांना घातक ठरते. हवापंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. मासे अचानक झटके देऊन पोहू लागले किंवा तोल गमावू लागले, तर अलीकडे फवारणी झाली होती का, हे प्रथम आठवावे. तसे असल्यास मोठ्या प्रमाणात पाणी बदलावे व फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा. घरात कीडनियंत्रण करावयाचे असल्यास मासे आधीच दुसऱ्या खोलीत हलवावेत. फवारणी करून आलेले हात टाकीत घालू नयेत.

प्रतिबंध

कोलकात्याची गॅलिफ स्ट्रीट असो, चेन्नईतील कोळत्तूर असो वा मुंबईतील कुर्ला, कोणत्याही बाजारातून आणलेला मासा ३ ते ४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. त्या टाकीची जाळी व नळी स्वतंत्र असावी. तापमान, सामू, अमोनिया आणि दिलेले उपचार यांची तारीखवार नोंद ठेवल्यास पशुवैद्यकाला किंवा मत्स्यविज्ञान महाविद्यालयातील तज्ज्ञांना निदान करणे सुलभ होते. प्रतिजैविके स्वतःहून वापरू नयेत. नकोसा झालेला मासा तलावात वा नदीत सोडू नये. तो स्थानिक जलजीवनाला परजीवी देऊ शकतो.

निदान न करता दिलेले औषध फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूही मारू शकते, आणि मग आधी नसलेला अमोनियाचा प्रश्नही उभा राहतो. त्यामुळे आजारी गोल्डफिशसाठी पहिल्या दिवशी औषधाच्या बाटलीपेक्षा तपासणी संच आणि बादलीभर स्वच्छ पाणी अधिक उपयोगी पडते.