दुभत्या गाईस क्षारमिश्रण कां द्यावें?

१९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं पुणें जिल्ह्यांत उरुळीकांचन येथें ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली. तिच्या प्रयत्नानें संकरित गाई पसरल्या, दुधाचें मान वाढलें; परंतु पुष्कळ दावणींत वैरण मात्र कडब्याचीच राहिली. एक लिटर दुधाबरोबर सुमारें १.२ ग्रॅम कॅल्शियम व जवळजवळ १ ग्रॅम फॉस्फरस शरीराबाहेर जातात. वैरणींतून ही तूट न भरल्यास गाय ती आपल्या हाडांतून भरते. पुढें वेळेवर माजावर येत नाहीं आणि धनी तिला वांझ समजून विकतो. यास्तव पशुवैद्याच्या सल्ल्यानें रोज सुमारें ५० ग्रॅम क्षारमिश्रण आंबोणांत कालवून द्यावें. तें हिरव्या चाऱ्याची जागा घेत नाहीं. परंतु भाकड दिवस घटले म्हणजे त्याच चाऱ्यांत अधिक दूध मिळतें, हें आम्ही शेतकरी बंधूंस आग्रहानें सांगतों.