जंबुपार किरण आणि संगणकाची पेटी

जबलपूरपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर भेडाघाट येथे नर्मदा नदी संगमरवराच्या कड्यांमधून वाहते. पात्राच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले हे शुभ्र कडे काही ठिकाणी सुमारे ३० मीटर उंच आहेत. चांदण्या रात्री ते असे उजळून निघतात की, त्यांच्या अंगी स्वतःचाच प्रकाश असावा असा भास होतो. परंतु तो भासच होय. संगमरवर आपल्यावर पडलेले चांदणे केवळ परत पाठवितो. चंद्र ढगाआड गेला की कडेही अंधारात बुडतात.

याहून निराळे दृश्य संगणकाच्या हौशी जुळणीकारांच्या घरी पाहावयास मिळते. ते आपल्या संगणकाची पेटी स्वतः सजवितात, तिच्या एका बाजूस पारदर्शक तावदान बसवितात आणि आत जंबुपार दिवा लावतात. पेटीत अंधार असतो. तरीही आतील तारा, पंख्यांची पाती आणि शीतक द्रवाच्या नळ्या हिरव्या, नारिंगी किंवा निळ्या तेजाने झळकू लागतात. येथे केवळ परावर्तन घडत नाही. तारेवर पडणारा प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, आणि तारेतून बाहेर पडणारा प्रकाश मात्र दिसतो. हा पालट कसा होतो हे ज्यास समजले, त्यालाच पेटीची रोषणाई खऱ्या अर्थाने सुधारता येते.

अदृश्याचे दृश्य कसे होते?

सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात जांभळ्या रंगाच्या पलीकडेही किरण असतात. जर्मनीतील येना येथे योहान रिटर या शास्त्रज्ञाने १८०१ साली हे दाखवून दिले. प्रकाशाने काळे पडणारे सिल्व्हर क्लोराइड त्याने वर्णपटात ठेवले, तेव्हा ते जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथे सर्वांत लवकर काळे पडले. यांनाच जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. त्यांची तरंगलांबी सुमारे ४०० नॅनोमीटरहून कमी असते.

पुढे १८५२ साली जॉर्ज स्टोक्स याने असे सिद्ध केले की, काही पदार्थ हे किरण शोषून घेतात आणि त्यांऐवजी अधिक तरंगलांबीचा, म्हणजे दृश्य, प्रकाश बाहेर टाकतात. फ्लुओराइट या खनिजात हा गुण आढळतो, म्हणून त्याने या घटनेस ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. मराठीत तिला अनुदीप्ती म्हणता येईल. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे फ्लुओराइटचे साठे आहेत.

अनुदीप्तीचे गणित सोपे आहे. ३६५ नॅनोमीटरच्या किरणाचा एक कण पदार्थाच्या रेणूस सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो. त्यांपैकी काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. उरलेली सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर येते. हे सर्व सामान्यतः सेकंदाच्या काही अब्जांश भागात घडते; म्हणून दिवा मालविताच तेजही नाहीसे होते.

ही घटना दुर्मिळ नाही. घरातील ट्यूबलाइट याच तत्त्वावर चालते. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून जंबुपार किरण निघतात आणि नळीच्या आतील लेप त्यांचे पांढऱ्या उजेडात रूपांतर करतो. दुकानदार नोटा तपासण्यासाठी जो जांभळा दिवा वापरतात, त्याखाली नोटेवरील क्रमांक चमकतो, कारण त्याची शाई अनुदीप्त असते. स्वयंपाकघरातील हळद तेलात किंवा स्पिरिटमध्ये कालवून तोच दिवा अंधारात वरून धरला, तर पिवळसर हिरवे तेज दिसते.

दिवे वाढविण्याने काय होते?

पेटीतील तेज मंद वाटले की हौशी मनुष्य प्रथम आणखी एक दिवा लावतो. बहुधा त्याची निराशा होते. बाजारातील पुष्कळशा स्वस्त दिव्यांची तरंगलांबी ३९५ ते ४०५ नॅनोमीटर असते. त्यांतून जंबुपार किरणांबरोबर जांभळा दृश्य प्रकाशही निघतो. असे दिवे वाढविले की सगळी पेटी जांभळ्या धुक्याने भरून जाते, आणि तारांचे तेज वाढूनही त्या धुक्यात हरवते. डोळा केवळ प्रकाश मोजीत नाही. तो शेजारच्या प्रकाशाशी तुलना करतो. म्हणून हवा तो प्रकाश वाढविण्यापूर्वी नको तो प्रकाश वगळावा, हा येथील मुख्य नियम होय.

अनुदीप्ती-सूक्ष्मदर्शकात हाच नियम दोन गाळण्यांनी पाळला जातो. पहिली गाळणी दिव्यापाशी असते. ती जंबुपार किरण पुढे जाऊ देते आणि दृश्य प्रकाश अडविते. दुसरी डोळ्यापाशी असते; ती जंबुपार किरण अडविते आणि अनुदीप्त प्रकाश येऊ देते. संगणकाच्या पेटीतही ही योजना करता येते. दिवा ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा निवडावा, आणि तावदानासाठी जंबुपार किरण शोषणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव वापरावा. तारा हिरव्या किंवा नारिंगी तेजाच्या असतील, तर फिकट पिवळा ताव उरलासुरला जांभळा प्रकाशही गाळून टाकतो. मात्र निळे तेजही त्याने मंदावते.

त्याखेरीज पेटीची आतील बाजू मंद काळ्या रंगाने रंगवावी. दिवा वरच्या काठाच्या आड असा बसवावा की तो पाहणाऱ्याच्या नजरेस पडू नये, परंतु उजळावयाच्या वस्तूंच्या जवळ असावा. अंतर वाढते तसा प्रकाश झपाट्याने क्षीण होतो. दिव्यामागे पांढरा पुठ्ठा लावण्याचा मोह टाळावा. पांढऱ्या रंगात सामान्यतः टायटेनियम डायॉक्साइड असते. ते डोळ्यांस शुभ्र दिसले, तरी जंबुपार किरण गिळून टाकते. ॲल्युमिनियम मात्र ते उत्तम रीतीने परत पाठविते. त्याचा पत्रा मदरबोर्डापासून दूर व पक्का बसवावा, कारण तो विद्युत्‌वाहक आहे आणि सुटून पडल्यास मंडल जळू शकते.

धूळ हाही एक शत्रू आहे. धुलाईच्या पुडीत शुभ्रता वाढविणारी अनुदीप्त द्रव्ये असतात. कपड्यांचे सूक्ष्म तंतू पेटीत शिरले की ते निळसर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने चमकतात. जबलपुरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत पंख्यांच्या जाळ्या वेळोवेळी साफ करणे रोषणाईसाठी आणि यंत्राच्या आयुष्यासाठीही आवश्यक ठरते. अनुदीप्त रंग जंबुपार किरणांखाली हळूहळू विटतात. म्हणून पाहणारे कोणी नसेल तेव्हा दिवा मालवावा.

डोळ्यांची काळजी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगावयाची आहे. सर्व जंबुपार दिवे सारखे नसतात. रोषणाईचे दिवे ३१५ ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील असतात. जंतुनाशक दिव्यांतून २५४ नॅनोमीटरचे किरण निघतात. २०२० सालच्या कोविडच्या साथीत असे दिवे घरोघरी विकले गेले. ते डोळ्यांस केवळ फिकट निळे दिसतात, पण त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिले तरी डोळ्याच्या पारदर्शक पटलास दाह होतो. त्याची वेदना काही तासांनी सुरू होते आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. असा दिवा संगणकाच्या पेटीत कधीही बसवू नये. ज्या दिव्यावर तरंगलांबी छापलेली नाही, तो विकतच घेऊ नये.

रोषणाईच्या दिव्याकडेही टक लावून पाहणे इष्ट नव्हे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जंबुपार किरण दिसत नसल्याने ती आकुंचन पावत नाही. लहान मुलांच्या डोळ्यातील भिंग हे किरण अधिक प्रमाणात आत जाऊ देते, म्हणून त्यांना विशेष जपावे. तावदानाचा जो ताव पेटीचे सौंदर्य वाढवितो, तोच पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे रक्षणही करतो.

भेडाघाटचे कडे डोळे भरून पाहावयाचे असतील, तर नावेतील कंदील मालवावा लागतो. संगणकाच्या छोट्याशा पेटीलाही तोच न्याय लागू पडतो. तेथेही अंधार नीट राखला, तर अगदी थोडे तेज पुरेसे होते.