ग्रहविद्येच्या सेवेचे मोल

ग्रहांविषयी नवा शोध लावणाऱ्याचे नाव विद्वानांच्या दप्तरात आपोआप रुजू होते. परंतु त्या शोधाचा अर्थ ज्याने सामान्य माणसाला समजावून सांगितला, यानांचे मार्ग आखणाऱ्या समित्यांतून वर्षानुवर्षे खपून ज्याने दुसऱ्यांच्या संशोधनाला वाट करून दिली, किंवा शाळेच्या पटांगणावर मुलांना उभे करून ज्याने गुरू कोणता आणि शुक्र कोणता हे बोटाने दाखविले, त्याच्या श्रमांचा जमाखर्च कोणी ठेवावयाचा, हा प्रश्न अर्वाचीन विद्वन्मंडळ्यांना बराच उशिरा सुचला. अमेरिकेतील खगोलवेत्त्यांच्या संस्थेचा ग्रहविज्ञान विभाग संशोधनासाठी कायपर यांच्या नावाचे पारितोषिक १९८४ पासून देत होता. सेवेसाठी स्वतंत्र पारितोषिक १९९१ मध्ये निघाले, आणि त्यास हॅरॉल्ड मझर्स्की यांचे नाव देण्यात आले. मझर्स्की हे भूशास्त्रज्ञ. मंगळावर व्हायकिंग याने नेमकी कोठे उतरवावीत याची पाहणी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि असल्या कामात माणसाच्या नावावर सिद्धांत जमा होत नाही, फक्त यान खडकावर आपटत नाही.

त्या पारितोषिकाचे पहिले मानकरी कार्ल सेगन. दूरचित्रवाणीवरून कोट्यवधी लोकांना विश्वाची ओळख करून देणाऱ्या या गृहस्थास पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सभासदत्व नाकारले, आणि १९९४ मध्ये त्याच अकादमीने लोकहितासाठी म्हणून पदक दिले. घराच्या ओसरीवर सत्कार करावयाचा, पण माजघरात पाऊल टाकू द्यावयाचे नाही, असा हा प्रकार झाला. सेगन यांच्या मृत्यूनंतर ग्रहविज्ञान विभागाने लोकशिक्षणासाठी त्यांच्याच नावाचे पदक सुरू केले. १९९८ मध्ये ते प्रथम विल्यम हार्टमन यांना मिळाले. हे हार्टमन संशोधक तर खरेच, शिवाय ग्रहांवरील देखावे रंगविणारे चित्रकारही.

अंजनीकाठच्या एरंडोलात बसून हे वाचणाऱ्याला ही सारी सातासमुद्रापलीकडची कवतिके वाटण्याचा संभव आहे. परंतु एरंडोलच्या दक्षिणेस, याच जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे म्हणून जे गाव आहे, तेथील एका शिलालेखाने हाच प्रश्न आठशे वर्षांपूर्वी हाताळला आहे, आणि माझ्या मते अधिक शहाणपणाने हाताळला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला, आणि पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी; त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून येथे मठ स्थापिला. सिद्धांतशिरोमणी प्रमुख धरून भास्कराचार्यांचे सर्व ग्रंथ, आणि त्यांच्या कुळातील इतरांनी रचलेले ग्रंथही, या मठात नियमाने शिकविले जावेत, अशी अट त्यात घातलेली आहे. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने श्रावण पौर्णिमेस चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी मठास दान दिले. ती तिथी ९ ऑगस्ट १२०७ ची येते. ग्रहगणिताच्या पाठशाळेला ग्रहणाचा मुहूर्त लाभावा यात काव्य शोधण्याचे कारण नाही. ग्रहणकाळी दान देण्याची रीतच होती. सोइदेवाच्या मागून त्याचा भाऊ हेमाडिदेव गादीवर आला आणि त्यानेही ते दान चालू ठेविले.

मला अधिक मोलाचा वाटतो तो लेखाचा शेवटचा भाग. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात सांगून झाल्यावर लेख एकाएकी त्या काळच्या मराठीत उतरतो, कारण आता ज्यांनी द्यावयाचे त्यांना ते कळले पाहिजे. पाटण्याच्या पेठेत येणाऱ्या मालावर राजदरबारचा ग्राहकाकडून येणारा जो हक्क होता तो मठाकडे वर्ग केला आहे. घाण्यामागे पळीभर तेल, गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, असे बारीकसारीक हिस्से मुक्रर केले आहेत. माल मोजावयाचा तो मठाच्या मापाने, आणि मोजणावळीचा अर्धा भाग मठाचा, अर्धा मापाऱ्याचा. म्हणजे ग्रहांच्या मध्यम आणि स्पष्ट गतींचे गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिव्यात जळणारे तेल तेल्याच्या घाण्यातून येत होते, आणि त्याला शाल, श्रीफळ वा मानपत्र लागत नव्हते. नुसता सन्मान त्या दिवशीच्या समारंभाबरोबर संपतो, ही नेमणूक बाजार भरत राहील तोवर चालावयाची होती.

ज्यांच्या नावे हे घडले ते भास्कराचार्य स्वतः अध्यापनाचा किती विचार करीत, हे त्यांच्या गोलाध्यायावरून दिसते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ म्हणजे ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी रचताना त्यांनी ग्रहगणित वेगळ्या भागात सांगितले आणि त्या गणितामागील कारणे गोलाध्यायात. शिवाय वर आपलीच टीका लिहिली. गोल न जाणणारा गणक हा तुपावाचूनच्या जेवणासारखा, असे ते म्हणतात. पृथ्वी निराधार असता पडत का नाही, पलीकडच्या अंगाची माणसे खाली का कोसळत नाहीत, या आजही चौथीचा मुलगा विचारील अशा शंकांना त्यांनी सावकाश उत्तरे दिली आहेत.

या परंपरेचा खानदेशातील पुढचा दुवा धुळ्यात सापडतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मूळचे दापोली तालुक्यातील मुरूडचे, १८५३ चा जन्म. सरकारी शिक्षणखात्याच्या नोकरीत रेवदंडा, ठाणे, बार्शी असे फिरत ते धुळ्यास आले. ‘इंडियन अँटिक्वेरी’तील त्यांच्या लेखांखाली गावाचे नाव धुळे असे छापलेले आढळते. याच काळात, १८९२ मध्ये, त्यांचे ‘ज्योतिर्विलास’ प्रसिद्ध झाले. त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. एक घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा जेवणानंतर अंगणात पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ काढू शकेल अशा गृहस्थासाठी हे पुस्तक लिहिले, असा त्याचा अर्थ. याच हाताने ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा १८९६ चा महाग्रंथही लिहिला, ज्याचा इंग्रजी अनुवाद पुढे भारत सरकारला काढावासा वाटला.

दीक्षितांची विद्वत्ता किती खोल होती याचे एक उदाहरण येथे थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. गुप्त राजांचा शक कोणत्या वर्षी सुरू झाला याविषयी पंडितांत मोठा वाद होता. काही गुप्तकालीन ताम्रपटांत वर्षाला महाचैत्र, महाआश्वयुज अशी नावे आहेत. गुरू साधारण पावणेबारा वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पुरी करतो. मध्यंतरी सुमारे तेरा महिन्यांनी तो एकदा सूर्यतेजात लोपतो, आणि काही दिवसांनी पहाटे पूर्वेस पुन्हा उगवतो. त्या उदयाच्या वेळी तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून संवत्सराचे नाव ठरविण्याची जुनी रीत होती. दीक्षितांनी ताम्रपटांतील वर्षांसाठी गुरूचे उदय गणिताने काढले आणि ते ३१९-२० या आरंभवर्षाशी जुळतात असे दाखविले. फ्लीट यांच्या १८८८ च्या गुप्तलेखसंग्रहात हे गणित छापले आहे. एका घराण्याच्या इतिहासाचा निवाडा ग्रहाच्या साक्षीने व्हावा, याहून ग्रहविद्येचा अधिक रोकडा उपयोग मला ठाऊक नाही.

या माणसाला मान्यता मिळाली ती कोणत्या रूपाने? ‘इंडियन कॅलेंडर’ या १८९६ च्या ग्रंथावर मद्रासकडचे सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांनी आपल्या नावाशेजारी त्यांचे नाव बरोबरीने घातले. ज्योतिःशास्त्राच्या इतिहासास दक्षिणा प्राइझ कमिटीचे बक्षीस मिळाले. पेशवाईत श्रावणमासी ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात उपयुक्त मराठी ग्रंथांच्या बक्षिसाकडे वळविली गेली, तिचाच हा अवशेष. दीक्षित १८९८ मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता, निवर्तले.

आपल्या काळात डॉ. जयंत नारळीकर यांना विज्ञानप्रसारासाठी १९९६ चे युनेस्कोचे कलिंग पारितोषिक लाभले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या आयुका संस्थेतील मुलांची विज्ञानशोधिका ज्या ‘पुलस्त्य’ वास्तूत चालते ती सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिली, याची आठवण त्या मानाने क्वचित काढली जाते. पाटण्याच्या लेखकाने मात्र तीच गोष्ट आधी कोरली असती.

खानदेशात कोणी दीक्षितांच्या नावे पारितोषिक काढावयाचे मनात आणील, तर त्याने पदक पाडून घेण्यापूर्वी पाटण्याचा तो लेख एकदा वाचावा, अशी माझी शिफारस आहे. एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी एका शाळेला बरी दुर्बीण आणि ती हाताळणाऱ्या शिक्षकाला दरमहा ठरावीक तनखा, एवढा खर्च बाजार समितीच्या उत्पन्नातून निघण्याजोगा आहे. कापूस आणि केळी यांच्या उलाढालीतून चिमूटभर हिस्सा आकाशाकडे वळविण्यास व्यापारीवर्ग हरकत घेईल असे मला वाटत नाही. हरकत आलीच तर ती हिशेबतपासनिसाकडून येईल, आणि त्याच्या समाधानासाठी १२०७ सालचा दाखला दगडावर कोरलेला हजर आहे.