धाकट्याचा सदरा थोरल्याला बसेल का?

देगलूरहून उदगीरकडे जाताना बालाघाटच्या पठारावर चढणारा रस्ता लागतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील जुन्या मारुती ८०० मधून कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार करतात. या चढावर त्यांची गाडी मेटाकुटीला येते. मुलगा आयटीआयला शिकतो. हैदराबादच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्याला एक सुपरचार्जर दिसला. तो एका जपानी गाडीच्या ६५७ सीसी इंजिनावरचा होता. "हे मारुतीच्याच इंजिनाचे भावंड आहे, सहज बसेल," असे विक्रेत्याने सांगितले. मुलगा आमच्याकडे विचारायला आला. घरात गाडी एकच आणि पोट तिच्यावरच, त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता. आम्ही त्याला उत्तर दिले नाही; कागद-पेन्सिल दिली.

भावंडे कशी ओळखायची?

सुझुकीच्या 'एफ' कुळातली तीन इंजिने घेऊ. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० च्या मूळ इंजिनात तीन सिलिंडर होते; प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. जपानमध्ये छोट्या गाड्यांच्या इंजिनावर १९९० पासून ६६० सीसीची मर्यादा आहे. तिच्यात बसणारे भावंडही तीन सिलिंडरचेच, पण व्यास ६५ आणि धाव ६६ मिलिमीटर. आपल्याकडे १९८५ साली आलेल्या पहिल्या जिप्सीचे इंजिन चार सिलिंडरचे, व्यास ६५.५ आणि धाव ७२.

वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र मुलांना ठाऊक असतेच. मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन ते वापरले, की उत्तरे अनुक्रमे ७९६, ६५७ आणि ९७० घनसेंटिमीटर येतात. गॅरेजच्या भंगारातला पिस्टन आणि व्हर्नियर कॅलिपर मिळाल्यास हा प्रयोग वर्गातच करता येईल.

हवेचा हिशेब

पेट्रोल जाळायला हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण पंधरा ग्रॅम. पेट्रोल हवे तितके ओतता येते. अडते ते हवेपाशी. चार धावांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपले घनफळ भरून घेते. म्हणजे ७९६ सीसीचे इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर त्याची भूक १९९० लिटरची असते. झडपा आणि नळ्यांच्या अडथळ्यामुळे त्यातली ८० टक्के हवा आत जाते असे धरू. आमच्याकडच्या मे महिन्यातल्या एका लिटर हवेचे वस्तुमान १.१ ग्रॅम धरले, तर इंजिन मिनिटाला सुमारे पावणेदोन किलो हवा खाते.

सुपरचार्जर हा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप आहे. त्याचा एक जुना प्रकार अमेरिकेतल्या रूट्स बंधूंच्या नावाने ओळखला जातो. १८६० साली पेटंट मिळाले तेव्हा मोटारगाडी जन्मलीही नव्हती. एकमेकांत फिरणारे दोन पाकळीदार दांडे दर फेरीला ठरावीक घनफळाची हवा पुढे ढकलतात. या 'ठरावीक' शब्दातच आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर होते.

समजा, हा पंप ६५७ सीसीच्या इंजिनाला त्याच्या नेहमीच्या खुराकापेक्षा २५ टक्के जास्त हवा देतो. तोच पंप, त्याच पुल्या, पण इंजिन ७९६ सीसीचे. खाणारे तोंड १.२१ पट मोठे झाले. १.२५ ला १.२१ ने भागा. उत्तर १.०३! फायदा २५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. पंप फिरवायला लागणारी शक्ती इंजिनातूनच जाते, तेव्हा हा फायदा पट्ट्यातच संपायचा. उलट जिप्सीच्या इंजिनासाठी जुळवलेला पंप ८०० ला लावला, तर गणित १.२५ गुणिले ९७० भागिले ७९६, म्हणजे १.५२. आता ५२ टक्के जादा हवा! पहिल्या जोडणीत काहीच घडणार नाही, दुसरीत पिस्टन फुटण्याची भीती. दोन्ही पंप मात्र 'भावंडांचेच'. (गळती आणि नळ्यांचा फरक आम्ही सोपेपणासाठी सोडून दिला आहे.)

मग पंपाची पुली लहान करून त्याला २१ टक्के जोरात फिरवावे का? सायकलचे मागचे चक्र लहान केल्यासारखेच हे आहे. १०० मिलिमीटरची पुली सुमारे ८२ मिलिमीटरची करावी लागेल. पण लहान पुलीवर पट्टा घसरतो, आणि पंपाच्या बेअरिंगना वेगाची मर्यादा असते. ती पाळली तरी खरा शत्रू पुढेच आहे.

उष्णतेचा हिशेब

सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम होते. इथेही तेच होते. बाहेरची ४० अंशांची हवा दीडपट दाबावर नेताना साध्या पंपात तिचे तापमान १०० अंशांच्या थोडे पुढे जाते. तापलेली हवा पसरते, म्हणून दाब दीडपट झाला तरी हवा सव्वापटच भरते. दाब वाढला म्हणजे तेवढीच हवा वाढली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

ही गरम हवा पेट्रोलच्या वाफेसह सिलिंडरमध्ये जाते आणि तिथे पुन्हा साधारण नऊपट दाबली जाते. सुरुवातीचा ६० अंशांचा फरक तिथे १३० अंशांच्या घरात जातो. मग ठिणगीने पेटवलेली ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. मिस्त्री ज्याला 'इंजिन नॉक करते' म्हणतात ते हेच. असे वारंवार झाले की रिंगा तुटतात, पिस्टनला भोक पडते. म्हणून कारखाने जादा हवेच्या पेट्रोल इंजिनात बहुधा दाबाचे प्रमाण कमी ठेवतात, हवा थंड करणारा इंटरकूलर लावतात आणि ठिणगीची वेळ बदलतात. डिझेल इंजिन आधी फक्त हवा दाबते, इंधन नंतर सोडते. त्यामुळे हा धोका तिथे नसतो. पुण्यात तयार झालेल्या इंडिकाच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनाला पुढे टर्बो मिळाला. हा सुपरचार्जरचा चुलतभाऊ पट्ट्याऐवजी धुराच्या जोरावर फिरतो.

कार्ब्युरेटरची अडचण निराळीच. त्यातले पेट्रोल वर ओढले जाते ते हवेच्या कमी दाबामुळे. पंपाची हवा वरून दाब देऊ लागली, की पेट्रोलच्या वाटीलाही तेवढाच दाब द्यावा लागतो, आणि वाटीत पेट्रोल भरणाऱ्या पंपाला त्याहून जास्त. नाही तर नेमक्या चढावर पेट्रोल कमी पडते आणि कमी पेट्रोलचे मिश्रण आणखी नॉक करते.

कायद्याची बाजूही मुलांना सांगायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने दिलेली मूळ वैशिष्ट्ये बदलतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील.

मग चढाचे काय?

आमच्या विद्यार्थ्याने ३ टक्क्यांचे उत्तर दोनदा तपासले. मग आम्ही विचारले, "गाडी नवी असताना हाच चढ चढत होती ना?" तो वडिलांना विचारून आला. चढत होती, तिसऱ्या गिअरमध्ये. म्हणजे काहीतरी कमी झाले होते. गावातल्या मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. दोन ठीक होते, तिसऱ्याचा बराच कमी. तिथे चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले, तर दाब वाढला. दोष झडपेत असता तर तो वाढला नसता. म्हणजे रिंगा झिजल्या होत्या. बाहेरून हवा कोंबायला निघालेल्या इंजिनातून आतलीच हवा निसटत होती.

रिंगा बदलल्या. चढावर गाडी आता पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये जाते.